चेंडू जाळीपलीकडून येऊ द्या

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सांगली-मिरजेकडच्या शाळांच्या मैदानांवर डोकावलं, तर व्हॉलीबॉलचा सराव बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यातला दिसतो. अठरा मुलं रांगेत, सर जाळीजवळ चेंडू घेऊन उभे. सर चेंडू टाकतात, पुढचा मुलगा अंडरहँड पास देतो, चेंडू सरांच्या हातात परत येतो, मुलगा पळत रांगेच्या शेपटाला. शिस्त छान दिसते, पालकांनाही बरं वाटतं. मग तालुका स्पर्धेत समोरून साधी सर्व्हिस येते आणि तीच मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहतात. चेंडू दोघांच्या बरोबर मधे पडतो.

मुलांना पास येत नाही असं नाही. सरांनी टाकलेल्या चेंडूचा पास त्यांना उत्तम येतो. सामन्यात तसला चेंडू येतच नाही.

आधी नुसता आकड्यांचा हिशेब बघू. रांगेत एका मुलामागे पाच सेकंद धरा. १८ मुलं म्हणजे दर ९० सेकंदांनी एकाच्या हाताला चेंडू लागतो, म्हणजे २० मिनिटांत १३ वेळा. त्याच १८ जणांचे तिघातिघांचे सहा संघ करून तीन छोट्या मैदानांवर खेळवलं तर? एका सर्व्हिसपासून पुढच्या सर्व्हिसपर्यंत १५ सेकंद आणि त्यात सरासरी चारच स्पर्श धरले, तरी २० मिनिटांत एका मैदानावर ३२० स्पर्श होतात. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी ५३. चौपट झाले. शिवाय उरलेल्या वेळातही मूल खेळातच असतं. चेंडूमागे सरकतं, जोडीदाराला जागा करून देतं, पलीकडचा काय करतोय ते बघतं. रांगेत ते फक्त पुढच्याच्या पाठीवर टपल्या मारतं.

पण स्पर्शांच्या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे दिशेची, आणि तिच्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

चेंडू एकीकडून घ्यायचा आणि दुसरीकडे द्यायचा, हा व्हॉलीबॉलचा गाभा. आपल्या डाव्या बाजूला मागे उभा असलेला पाच नंबरचा खेळाडू घ्या. पलीकडचा एक नंबर, म्हणजे सर्व्हिस करणारा, बहुतेक वेळा त्याच्या अगदी समोर असतो. चेंडू समोरून सरळ येतो. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, मात्र जाळीलगत दोन आणि तीन नंबरच्या मधे, म्हणजे ह्याच्या उजवीकडे तिरका उभा. तेव्हा पास देताना जोडलेल्या हातांची फळी समोर बघून चालत नाही, ती लिफ्टरकडे वळवावी लागते. उजवा खांदा थोडा खाली, डावा थोडा वर. ज्या मुलानं वर्षभर सरांकडून आलेला चेंडू सरांनाच परत दिला, त्याची फळी सर्व्हिसवरही समोरच बघते. चेंडू आला तसा जाळीपलीकडे जातो आणि समोरच्या संघाला आयता स्मॅश मिळतो. मग आपण ओरडतो, ‘अरे, पास कुठं देतोयस?’ त्यानं शिकवल्याप्रमाणेच दिलेला असतो.

त्यात पुन्हा चेंडू ओळखण्याचा भाग येतो. सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा कुठं वळलाय, त्यानं चेंडू किती उंच उडवला, तळवा चेंडूच्या खाली लागला की मागे, यावरून चेंडू आखूड येणार की लांब जाणार ते कळतं. सर दोन्ही हातांनी पोटाजवळून चेंडू टाकतात तेव्हा यातलं काहीच दिसत नाही. मूल चेंडू वाचायला शिकत नाही, सरांचे हात वाचायला शिकतं.

म्हणून कुठलाही सराव आखताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की चेंडू खेळात कसा येणार? उत्तर ‘जाळीपलीकडून’ असंच हवं. कसा, ते मुलांच्या वकुबाप्रमाणे ठरवता येतं. अगदी नवखी असतील तर सरांनी पलीकडे जाऊन डोक्यावरून दोन्ही हातांनी फेकावा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पलीकडच्या मुलानंच सर्व्हिससारखा हात वर नेऊन एका हातानं फेकणं. नंतर तीन-चार मीटरवरून सर्व्हिस आणि शेवटी मागच्या रेषेवरून. चेंडू मेला की सरांनी बाजूच्या रेषेबाहेरून लगेच दुसरा आत टाकायचा. त्यासाठी पायाशी खताच्या धुतलेल्या गोणीत चार चेंडू तयार असावेत. चेंडू आणायला गेलेल्याची वाट बघण्यात सरावाचा किती वेळ जातो, ते एकदा घड्याळ लावून बघाच.

एका मैदानाची तीन मैदानं

पूर्ण मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते माळासारखं वाटतं. सहा जण उभे करूनही मधे मोकळी जागाच जास्त, आणि बहुतेक गुण सर्व्हिस थेट पडूनच जातात. बरेच जण नेहमीची जाळी मधोमध दोरीनं विभागून दोन अरुंद मैदानं करतात. तेही चालतं. पण मुलं जास्त असतील तर दोरी आडवी न बांधता मैदानाच्या लांबीत बांधा. १८ मीटर लांब दोरी, तिच्या दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार मीटर. आता तिच्यावर साडेचार मीटर रुंदीची तीन मैदानं आखली, तर मधे सव्वादोन मीटरच्या दोन मोकळ्या पट्ट्या उरतात. चार मैदानं खेटून बसतात खरी, पण तो मोह टाळा. शेजारचा चेंडू पायाखाली येऊन घोटा मुरगळतो तो असाच. पट्टी असली तरी एक नियम पक्का हवा. चेंडू दुसऱ्याच्या मैदानात गेला की ज्याला दिसेल त्यानं ‘चेंडू!’ म्हणून ओरडायचं आणि तिथला खेळ थांबायचा.

दोरी आठ मिलिमीटरची नायलॉनची घ्या, बांधाबांधीसकट २३ मीटर. इतकी लांब दोरी कितीही ताणली तरी मधे झोळ येतोच, म्हणून मोकळ्या पट्ट्यांत दोन बांबू उभे करावे लागतात. जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून त्यात बांबू रोवला की हलवता येणारा खांब होतो. तासगावकडं द्राक्षाच्या मांडवाचे बांबू आणि तार सहज मिळते. बांबू जरूर आणा. तार मात्र दोरीऐवजी वापरू नका, दिवेलागणीला ती दिसत नाही. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर जुन्या फ्लेक्सच्या वीतभर पट्ट्या लोंबवा. नाहीतर चेंडू वरून गेला की खालून, यावरच सगळा तास भांडणात जातो.

उंचीसाठी सोपा आडाखा आहे. गटातल्या मधल्या उंचीच्या मुलाला हात सरळ वर करून उभं करायचं आणि त्याच्या बोटांच्या टोकाच्या चार बोटं वर दोरी बांधायची. पुरुषांची जाळी २.४३ मीटर आणि महिलांची २.२४ मीटर असते, ती लहान मुलांना लावली की ती वरून मारायचं सोडून चेंडू नुसता टोलवत राहतात. उंच जाळीमुळे लहान मूल उंच उडी मारायला लागत नाही, कमरेतून मागे वाकायला लागतं.

रेषांना फक्की मारा. कळीचा चुना नको, डोळ्यात उडाला तर भाजतो. जमिनीवर जाड दोऱ्या टाकून रेषा करू नका, पाय अडकतो.

चेंडूबद्दल एवढंच. नियमाचा चेंडू ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा आणि २६० ते २८० ग्रॅम वजनाचा असतो, आणि आतल्या हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.३०० ते ०.३२५ किलो. सायकलच्या दुकानात भरून आणलेला चेंडू हटकून यापेक्षा टणक असतो. तो मनगटावर बसला की मूल पुढच्या वेळी कोपरं वाकवतं, आणि मग आपण महिनाभर ‘हात सरळ’ म्हणत बसतो. दोन्ही अंगठ्यांनी दाबून थोडासा आत जाणारा चेंडू ठेवा. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हलका चेंडू मिळाला तर उत्तमच.

खेळ कसे आखायचे

सुरुवात एकास एक. तीन मीटर रुंद, साडेचार मीटर खोल. चेंडू स्वतःलाच उडवून घ्यायचा आणि जास्तीत जास्त तिसऱ्या स्पर्शाला पलीकडे पाठवायचा. नियमात सलग दोनदा मारता येत नाही हे खरं, पण इथं तो नियम बाजूला ठेवायचा. अट एकच, निदान दोन स्पर्श झालेच पाहिजेत. ही अट नसेल तर जोरकस मूल आला चेंडू की झोड असं खेळतं आणि जिंकतं, आणि जिंकतंय म्हणून तसंच खेळत राहतं. आपल्याकडे गावोगाव शूटिंगबॉल खेळला जातो. तो पाहून मोठ्या झालेल्या मुलांच्या हातात पहिलाच चेंडू पलीकडे हाणायची खुमखुमी असते. ती मोडायला ओरडण्यापेक्षा ही अट जास्त उपयोगी पडते. दहा मिनिटं बास. अंग गरम करण्याचं काम यातच होऊन जातं, मैदानाला वेगळ्या फेऱ्या मारायची गरज नाही.

मग दोनास दोन, पण पकडीचा. नवख्यांची रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू पडेपर्यंतचा खेळ, बहुतेक दुसऱ्या स्पर्शाला तुटते. पास कसाबसा वर जातो, पण तो लिफ्ट करायला कुणी वेळेत पोहोचत नाही, पोहोचलं तर बोटांतून निसटतो. म्हणून दुसरा स्पर्श पकडायला परवानगी द्यायची. पहिला पासच हवा, तिसरा मारूनच गेला पाहिजे. दुसरा मात्र कपाळाच्या वर, दोन्ही हातांच्या बोटांत पकडून तिथूनच ढकलायचा. छातीशी घेतला तर गुण गेला. यात मूल चेंडूखाली पाय घेऊन जायला शिकतं, कारण कपाळावर पकडायचा म्हणजे आधी खाली पोहोचावंच लागतं. बोटांचा आकारही नकळत बसतो.

हा खेळ बिघडतो तो पकडून उभं राहिल्यामुळे. जोडीदार आरामात जागेवर येतो, समोरचे दोघेही सावध होतात, आणि खेळ पकडापकडीचा होतो. त्यावर उपाय म्हणजे पकडल्यावर पाऊल टाकायचं नाही आणि सरांनी ‘एक’ म्हणायच्या आत चेंडू सोडायचा. आठवड्याभरात ‘एक’ लवकर म्हणायला लागा. पुढे पकडीला गुण एक आणि बोटांनी सरळ लिफ्ट करून जिंकलेल्या रॅलीला दोन ठेवा. पकड बंद करायचा हुकूम काढावा लागत नाही, मुलं आपणहून सोडतात.

गुण कशाला द्यायचा यावर मुलं काय शिकणार ते ठरतं, तोंडी सूचना नंतर. ‘सर्व्हिस विरुद्ध पास’ हा खेळ त्याचं चांगलं उदाहरण आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

एका बाजूला तीन पास देणारे आणि जाळीशी एक लिफ्टर. लिफ्टरभोवती फक्कीनं अडीच मीटरचा चौकोन, जाळीपासून हातभर अंतर सोडून, मधल्यापेक्षा थोडा उजवीकडे. पलीकडे चार जण आळीपाळीनं सर्व्हिस करतात. चौकोनात पास आला की पास देणाऱ्यांना एक गुण. चेंडू थेट पडला किंवा पास मैदानाबाहेर उडाला की सर्व्हिसवाल्यांना एक. दहा गुण आधी करेल तो जिंकला.

आता चुकलेल्या सर्व्हिसचं काय करायचं? सामन्यासारखा पासवाल्यांना गुण दिला, तर दोन तोटे होतात. सर्व्हिसवाले घाबरून चेंडू नुसता उचलून टाकतात आणि पासवाल्यांना काही न करता गुण मिळत राहतात. काहीच शिक्षा ठेवली नाही, तर प्रत्येक जण जोर काढतो, निम्मे चेंडू जाळीत, आणि पासवाले कंटाळून कमरेवर हात ठेवून उभे. मधला मार्ग असा की एका चुकीला काही नाही, पण संघाच्या सलग दोन सर्व्हिस चुकल्या तर एक गुण वजा. याने दुसरा मुलगा आधीच्याची चूक बघून विचार करून मारतो, आणि सामन्यात नेमकं तेच हवं असतं. बारा वर्षांखालच्यांना सर्व्हिस साडेचार मीटरवरून सुरू करू द्या. सलग तीन आत पडल्या की एक पाऊल मागे, दोन चुकल्या की एक पाऊल पुढे. प्रत्येक जण आपापल्या अंतरावर, एकाच रेषेवर सगळ्यांना उभं करायची गरज नाही.

अजून एक गोष्ट इथंच पक्की होते. सर्व्हिस जाळीला लागून आत पडली तर खेळ चालू असतो. तरी कित्येक मुलं जाळीला लागला की थबकतात, कारण सरावात ‘नेट’ म्हणून चेंडू थांबवायची सवय असते. असा पुढे टपकणारा चेंडू उचलला तर दोन गुण ठेवा, मग बघा कसे झेपावतात.

पासचा चौकोन जाळीला चिकटवू नका. मुलांना जाळीच्या अगदी जवळचा पास ‘परफेक्ट’ वाटतो, पण तो लिफ्टरच्या हातातून पलीकडे जातो किंवा जाळीत अडकतो. हातभर मोकळं ठेवण्याचं कारण हेच.

तीनास तीन हा चौदा वर्षांखालच्यांचा खरा मुख्य खेळ. यात ‘राजाचं मैदान’ मुलांना फार आवडतं. एक बाजू राजाची, दुसरी आव्हान देणाऱ्यांची. आव्हान देणारे सर्व्हिस करतात. ते जिंकले तर दोरीखालून पळत राजाच्या बाजूला जातात, हरलेले राजे बाहेर येतात आणि पुढचा संघ लगेच सर्व्हिस करतो. गुण फक्त राजाच्या बाजूला रॅली जिंकली तरच मिळतो. गुण मिळवायचा तर पास नीट द्यावाच लागतो, ही यातली गोम.

पण हा खेळ अर्धवट माहितीवर लावला की दुबळ्यांचा छळ होतो. पाच संघ एका मैदानावर ठेवले तर कच्चा संघ एक सर्व्हिस करून तीन पाळ्या बाहेर बसतो, म्हणजे पुन्हा रांगच आली. एका मैदानावर तीनच संघ ठेवा, बाहेर एकच. राजांनी सलग तीन गुण केले की त्यांनाही उतरवा. आणि हरलेल्या रॅलीनंतर त्याच संघाला सरांनी एक सोपा चेंडू टाकून दुसरी संधी द्यावी. दोन्ही हरले तरच बाहेर.

मुलं चौदा-पंधराची झाली, सहास सहा खेळायला लागली, की ‘फिट्टंफाट’ लावा. सर्व्हिसची रॅली जो जिंकेल त्याला सर लगेच एक सोपा चेंडू टाकतात. ती रॅलीही जिंकली तर एक गुण. दुसरी समोरच्यानं जिंकली तर फिट्टंफाट, गुण कुणालाच नाही. दोन्ही संघांनी एकाच फिरण्यात, म्हणजे रोटेशननं ठरणाऱ्या सहा जागांच्या मांडणीत, उभं राहायचं आणि तीन गुण झाल्यावरच पुढच्या फिरण्यात जायचं. कुठल्या फिरण्यात आपला संघ अडकतो ते यात स्वच्छ दिसतं. पंचवीस गुणांच्या सेटमध्ये एखादं कच्चं फिरणं पटकन निघून जातं, त्याची दुरुस्ती होत नाही. इथं मात्र त्यातच दहा-दहा मिनिटं रुतून बसावं लागतं. लांबायला लागलं तर तीनऐवजी दोन गुण करा, नाहीतर पोरं वैतागतात.

ब्लॉकवर, म्हणजे जाळीशी उडी मारून स्मॅश अडवण्यावर, लहान वयात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. ज्यांच्या स्मॅशमध्ये अजून जोर नाही त्यांच्यासमोर ब्लॉकला उडणं म्हणजे एक खेळाडू मागून कमी करणं.

अवघड किती ठेवायचं

खेळ लावला आणि रॅलीच होत नाही, अशी तक्रार पहिल्या आठवड्यात हमखास येते. मग सर शिट्टी वाजवतात, ‘हे तुमचं काम नाही, चला रांगेत’ म्हणतात, आणि गाडी मूळ पदावर. तसं करण्याआधी दहा रॅली मोजा. दहापैकी सहांत चेंडू निदान दोनदा जाळी ओलांडत असेल, तर खेळ बरोबर बसला आहे. चारच्या खाली असेल तर अवघड झालाय. नऊ-दहा होत असतील तर मुलं नुसती वेळ काढतायत.

बदलायच्या गोष्टी पाच. मैदानाची रुंदी, माणसांची संख्या, चेंडू आत येण्याची पद्धत, स्पर्शाची अट आणि गुण. एका वेळी एकच बदला. दोन एकदम बदललं की काय लागू पडलं ते कळत नाही. सर्व्हिसच थेट पडत असेल तर सर्व्हिसऐवजी फेक आणा. दोघांच्या मधे चेंडू पडत असेल तर रुंदी अर्ध्या मीटरनं कमी करा. तिसरा चेंडू नुसता टोलवला जात असेल तर उडी न मारता, जमिनीवरून हात वर नेऊन मारलेल्या चेंडूला दोन गुण ठेवा.

दोघांच्या मधे पडणाऱ्या चेंडूचं दुखणं आपल्याकडे खास आहे. ‘घे घे’ असं चारही बाजूंनी ऐकू येतं आणि घेत कुणीच नाही. दुसऱ्याला ‘घे’ म्हणणं हा शुद्ध मानभावीपणा झाला. त्यावर बंदी घाला, शब्द एकच ठेवा, ‘माझा’. तोही चेंडू जाळी ओलांडायच्या आत ऐकू आला पाहिजे. न ओरडता घेतलेल्या चेंडूवर जिंकलेली रॅली शून्य गुणांची. पहिले दोन दिवस गुणच होत नाहीत, तरी नियम सैल करू नका. लाजाळू मुलं खाली मान घालून पुटपुटतात, त्यांच्यासाठी पलीकडच्या संघालाच पंच करा: ‘आम्हाला ऐकू आलं’ असं त्यांनी म्हटलं तरच धरायचं.

मुलं कधीच सम संख्येत येत नाहीत. तेरा आली तर तेरावा ‘जोकर’. तो दोन्ही संघांचा लिफ्टर होतो आणि चेंडू ज्या बाजूला असेल त्या बाजूला दोरीखालून जातो. कच्च्याला जोकर करू नका, दर काही सेकंदांनी धावून त्याची दमछाक होते. सगळ्यात चपळ मुलाला करा आणि चार मिनिटांनी बदला.

खेळ थांबवून समजावण्याची हौस आवरा. नियम अर्ध्या मिनिटात सांगून होत नसतील तर खेळच गुंतागुंतीचा आखला गेलाय. दहा मिनिटांच्या खेळात दोनदाच थांबवायचं, तेही सगळे होते तिथंच उभे राहतील अशा बेतानं. मग एकच प्रश्न विचारायचा: ‘तू इथं का उभा आहेस?’ उत्तर त्यानं द्यायचं, सरांनी नाही.

रांगेचा सराव पूर्ण वाईट असंही नाही. एखाद्याची फळी जुळतच नसेल, दोन्ही मनगटं वरखाली होत असतील, तर त्याला बाजूला घेऊन भिंतीवर पाच मिनिटं पास घ्यायला लावा आणि परत खेळात सोडा. खेळात दिसलेली चूक भिंतीवर दुरुस्त करून पुन्हा खेळात वापरायची. हा क्रम उलटा केला, की भिंतीवरचं भिंतीवरच राहतं.

इथली जमीन, इथलं हवामान

नदीकाठच्या काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसात चपलेला चिकटतं, म्हणून बहुतेक ठिकाणी वर मुरूम टाकलेला असतो. मुरमावर पाणी मारून रोलर फिरवलेला नसेल तर खडे वर येतात. अशा जमिनीवर झेपावून चेंडू काढायला लावू नका. एकदा गुडघा सोलला की मूल पुढे महिनाभर ताठ उभं राहून खेळतं. लोळण शिकवायची तर कबड्डीच्या मॅटवर शिकवा. कबड्डी-खोखो खेळून आलेल्या मुलांची बैठक मुळातच खाली असते, तो ठेवा जपा.

उड्या मोजून घ्या. दहा ते पंधरा या वाढीच्या वयात कठीण जमिनीवर रोज उड्या मारल्या की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखायला लागतं. दाबल्यावर तिथं दुखत असेल तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवायचं, स्प्रे मारून खेळवायचं नाही. छोट्या मैदानावरच्या खेळांचा एक फायदा हाही आहे की स्पर्श भरपूर होतात आणि उड्या मोजक्याच.

वारा असला तर दर सात गुणांनी बाजू बदला, नाहीतर वाऱ्याच्या पाठीवर सर्व्हिस करणारे स्वतःला फार मोठे समजायला लागतात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत सराव आटोपा.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग अशा चढत जातात, आणि तयारीचे दिवस नेमके पावसाचे असतात. मैदान चिखलात आणि हाताशी फक्त शाळेचा हॉल किंवा लांब व्हरांडा. छत खाली असल्यानं उंच पास देता येत नाही. अशा वेळी बसून व्हॉलीबॉल खेळवा. पॅरालिंपिकमध्ये असलेल्या सिटिंग व्हॉलीबॉलचं मैदान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद असतं आणि जाळी पुरुषांना १.१५, महिलांना १.०५ मीटर. खोलीच्या आकाराप्रमाणे त्याहून लहान करायला हरकत नाही. दोन बाकांना दोरी बांधली की झालं. नियम एवढाच की चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. पायांनी धावून चूक झाकता येत नाही, त्यामुळे हात लवकर तयार ठेवावे लागतात आणि बोटांची लिफ्ट झपाट्यानं सुधारते. फरशी ओली नाही ना, ते आधी तपासा, आणि हाफ पँटवाल्यांना जुनी पोती किंवा सतरंजी द्या.

सव्वा तासाचा सराव असेल तर एकास एकला दहा मिनिटं, पकडीच्या किंवा बिनपकडीच्या दोनास दोनला पंधरा, सर्व्हिस विरुद्ध पासला पंधरा, आणि मोठा वाटा, निदान पंचवीस मिनिटं, राजाच्या मैदानाला किंवा फिट्टंफाटला. उरलेली दहा पाणी पिण्यात, संघ पाडण्यात आणि दोरी बांधण्या-सोडण्यात जातात, ती आधीच धरून चाला. शेवटचा खेळ २०-२० अशा गुणांवरून सुरू करा. पाच गुणांत निकाल लागतो, आणि गावाकडच्या मुलांना सात वाजताची एसटीही गाठता येते.